बंदरावरची थंड पेटी आणि हिंगोलीची केळी

हिंगोली जिल्ह्याचे नाव निघाले की बाहेरच्या माणसास औंढ्याचा नागनाथ आठवतो, वारकऱ्यास नर्सीचे नामदेव महाराज आठवतात, आणि ज्याचा मोंढ्याशी काही देण्याघेण्याचा संबंध आहे अशा गृहस्थास वसमतची हळद आठवते. १ मे १९९९ रोजी परभणीपासून विभक्त झालेल्या या लहानशा जिल्ह्यात हळदीचा बोलबाला इतका की, २०२४ साली वसमतच्या हळदीस भौगोलिक मानांकन मिळाले तेव्हा ते उशिरा मिळाले असेच मला वाटले. परंतु पूर्णेवरील येलदरी व सिद्धेश्वर या धरणांचे आणि पैनगंगेवरील इसापूर धरणाचे पाणी ज्या मुलखात कालव्यांनी खेळले, त्या वसमत व कळमनुरी तालुक्यांत, गिरगाव, कुरुंदा, डोंगरकडा या बाजूस, केळीच्या बागाही आहेत. आणि या दोन पिकांचा स्वभाव परस्परांहून अगदी भिन्न आहे. हळद शिजवून, वाळवून, पॉलिश करून पोत्यांत भरली म्हणजे ती मालकाला भाव येईपर्यंत थांबण्याची मुभा देते. केळीचा घड खोडापासून उतरला की त्याच्या आयुष्याची मुदत मोजली जाऊ लागते, आणि बांधावर येऊन व्यापारी जो भाव सांगेल तो मुकाट्याने ऐकून घेण्यावाचून बागायतदारास गत्यंतर राहत नाही. त्यातून मे-जूनच्या वादळवाऱ्याने बाग आडवी झाली असेल, तर मग बोलायलाच नको.

ही मुदत दोन-तीन आठवड्यांनी लांबविता आली तर, असा विचार एखाद्या उत्साही तरुण बागायतदाराच्या मनात यावा, आणि गाव-तालुक्यात सोयीचे शीतगृह नसल्यामुळे त्याची नजर न्हावाशेव्याच्या बंदराबाहेर रचून ठेवलेल्या जुन्या रीफर कंटेनरांकडे वळावी, हे अगदी स्वाभाविक आहे. पोलादी चौकट, भिंतींत कोंडलेला फेसाचा जाड थर, एका टोकास बसविलेले शीतयंत्र. ट्रेलरवरून अशी पेटी आणली, रानात उतरवली, वीज जोडली की शीतगृह तयार. कल्पना मोहक आहे, आणि सर्वस्वी खोटीही नाही. तथापि ती पेटी ज्या कामासाठी घडविली गेली ते काम आणि आपण तिला सांगणार ते काम यांत जे अंतर आहे, ते पैसे मोजण्यापूर्वी समजून घेतले नाही तर केळीही जातात आणि पेटीही गंजत पडते.

थंडी परमुलखातून आणविण्याची हौस आपल्याकडे नवी नव्हे. १८३३ साली बॉस्टनहून निघालेले बर्फाचे जहाज कलकत्त्यास येऊन पोचले तेव्हा साहेबलोकांच्या मेजवान्यांस नवा विषय मिळाला होता. पुढे १८७६ मध्ये ‘फ्रिगोरिफिक’ नावाचे फ्रेंच जहाज यंत्राने थंड केलेले मांस घेऊन रूआँहून ब्वेनोस आयरेसला गेले, आणि १८८० च्या फेब्रुवारीत ‘स्ट्रॅथलेव्हन’ या जहाजाने ऑस्ट्रेलियातील गोठविलेले मांस लंडनच्या बाजारात उतरविले. या सर्व प्रयोगांत जहाजाचे पोटच थंड केलेले असे. मालाची पेटी सुटी करून ती जहाजावरून मालमोटारीवर जशीच्या तशी चढवावी ही युक्ती माल्कम मॅकलिन या अमेरिकन वाहतूकदाराने २६ एप्रिल १९५६ रोजी ‘आयडियल एक्स’ या जहाजावर ५८ पेट्या लादून सिद्ध केली. यंत्र जहाजाचे न राहता पेटीचे झाले, ते यानंतर. आज आपल्या मुलखातली केळी इराण-आखाताकडे निघतात ती १३ किलोंच्या खोक्यांत भरून आणि चाळीस फुटी रीफरमध्ये दीड हजारांवर खोकी रचून. म्हणजे एका पेटीत सुमारे वीस टन माल.

आता या पेटीचा अंतर्भाग पाहू. वीस फुटी पेटी बाहेरून सहा मीटरांहून किंचित लांब, आत मोकळी जागा सुमारे २८ घनमीटर, रिकाम्या पेटीचे वजन तीन टनांच्या आसपास. चाळीस फुटी उंच पेटीत सुमारे ६७ घनमीटर जागा असते. जमीन सपाट नसते. अ‍ॅल्युमिनियमच्या इंग्रजी ‘टी’च्या आकाराच्या पट्ट्या एकीशेजारी एक लावून केलेल्या नळ्यांची ती असते, आणि हेच या पेटीचे मर्म होय. यंत्र थंड हवा या नळ्यांतून जमिनीखालून दारापर्यंत ढकलते, ती खोक्यांच्या छिद्रांतून वर चढते, छताखालून परतून पुन्हा यंत्रात शिरते. म्हणूनच भिंतीवर तांबडी रेघ आखलेली असते, जिच्यावर माल चढवायचा नसतो. म्हणूनच खोक्यांची छिद्रे एकावर एक जुळवावी लागतात. आणि म्हणूनच जमिनीचा कोणताही भाग उघडा ठेवायचा नसतो, कारण हवेस मोकळी वाट मिळाली की ती मालात शिरण्याची तसदी घेत नाही. पेटीचा खोलीसारखा वापर करणारा मनुष्य नेमके याच्या उलट वागतो. मधोमध चालायला वाट ठेवतो, क्रेट दोन्ही भिंतींशी लावतो, ढकलगाडीची चाके नळ्यांत अडकतात म्हणून जमिनीवर प्लायवूड अंथरतो, आणि मग यंत्राच्या पडद्यावर चौदा अंश दिसत असता आतली केळी पिवळी का पडतात याचा उलगडा त्याला होत नाही. फळी टाकायचीच तर छिद्रे पाडलेला पत्रा टाकावा, आणि वाट सोडायचीच असेल तर वीस फुटी पेटीत आठ-नऊ टनांऐवजी पाच-सहा टनच माल बसेल असा हिशेब मनाशी धरावा.

याहूनही महत्त्वाची गोष्ट अशी की, रीफर हे थंड माल थंड राखण्याचे साधन आहे. तापलेला माल थंड करण्याचे नव्हे. अंगावरची दुलई ऊब राखते, उत्पन्न करीत नाही, तद्वतच हे आहे. द्राक्षवाल्यांनी हा पाठ फार पूर्वी गिरविला. १९९१ साली ‘महाग्रेप्स’ ही द्राक्षबागायतदारांच्या सहकारी संस्थांची भागीदारी उभी राहिली तेव्हा परदेशी माल धाडण्याच्या सिद्धतेत पूर्वशीतकरणाला, म्हणजे तोडणीनंतर काही तासांच्या आत जोराच्या हवेच्या झोताने घडातील रानाची उष्णता काढून टाकण्याला, शीतगृहाइतकेच स्थान देण्यात आले. केळीचे गणित करून पाहावे. पाच टन केळी ३२ अंशांवरून १४ अंशांवर आणायची म्हणजे सुमारे ८५ युनिटांइतकी उष्णता बाहेर काढावी लागते. कागदावर हे रीफरच्या यंत्रास अर्ध्या दिवसाचे काम वाटते. पण पुठ्ठ्याच्या खोक्याच्या पोटातील फणीपर्यंत ती थंडी पोचण्यास प्रत्यक्षात दोन-तीन दिवस लागू शकतात, आणि तेवढ्यात मधल्या खोक्यांतील केळ पिकण्याचा निर्णय घेऊन मोकळे झालेले असते. यास्तव कटाई पहाटे करावी, फण्या थंड पाण्यातून काढाव्यात, पाणी निथळू द्यावे, पेटी आधी बारा तास रिकामी चालवून गार करावी आणि एका दिवशी तिच्यात तिच्या सामर्थ्याच्या चौथ्या-पाचव्या हिश्शाहून अधिक ताजा माल घालू नये. हा शिरस्ता पाळण्याची ज्याची तयारी नाही त्याने पेटीच्या वाटेस जाऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

पेटीच्या भिंतीविषयी मात्र लोक निष्कारण धास्तावतात. मराठवाड्याचा मे महिना, बाहेर ४२ अंश, आत १४; एवढ्या फरकात चांगल्या स्थितीतील वीस फुटी पेटीच्या भिंतींतून पाऊण किलोवॅटच्या आसपासच उष्णता आत येते. तिच्यावर पत्र्याची शेड घातली, शेड आणि छत यांत वारा खेळता ठेवला, यंत्राचे तोंड उत्तरेस ठेवून त्याच्यापुढे दहा फूट मोकळी जागा राखली, की सूर्याचा जाच पुष्कळ कमी होतो. खरे शत्रू दोन: वारंवार उघडणारे दार आणि वीज.

विजेचा विषय येथे विस्ताराने सांगितला पाहिजे, कारण हिंगोलीत हे साहस तरले वा बुडाले तर ते विजेवरच. रीफरचे यंत्र ३८० ते ४६० व्होल्टच्या तीन फेजवर चालते आणि त्याचा चार पिनांचा ३२ अँपिअरचा खास प्लग असतो, ज्याचे सॉकेट साध्या विजेच्या दुकानात सहसा मिळत नाही. ते पेटीबरोबरच मागून घ्यावे. आपल्याकडील ४१५ व्होल्टचा पुरवठा त्यास मानवतो. पण तो असेल तेव्हा! कृषी फीडरवर तीन फेज वीज दिवसाकाठी आठ तास, पाळी रात्रीची असेल तर त्याहून थोडी जास्त. बाकीच्या वेळात मोटारही चालत नाही आणि पेटीही चालणार नाही. येथे एक चमत्कारिक गोष्ट ढोबळ हिशेबाने निघते. पाच टन केळींनी भरलेली, दार न उघडलेली पेटी सोळा तास विजेवाचून राहिली तर आतील उष्णता तीन-चार अंशांनीच वाढते, कारण थंड केळींचा तो ढीग स्वतःच थंडीचा साठा असतो. यावरून कोणी असा निष्कर्ष काढील की मग आठ तासांच्या विजेवर भागेल. भागणार नाही. रोज चौदाचे अठरा आणि अठराचे चौदा होणारी केळी आतल्या आत श्वास टाकीत राहतात, त्या श्वासाचा वायू कोंडतो, वीज परतल्यावर सालीवर दव धरते, आणि आठवड्याच्या आत माल पिकू लागतो. तेव्हा गावठाण फीडरवरून किंवा स्वतंत्र डीपीवरून अखंड वीज मिळत असेल तरच पुढचे पाऊल टाकावे. महावितरणच्या दरपत्रकात शेतमालाचे पूर्वशीतकरण व शीतगृह यांसाठी कृषिपंपांहून निराळा, ‘कृषी-इतर’ असा वर्ग आहे. अर्ज करताना तोच मागावा, नाहीतर कारकुनाच्या हातून जोडणी व्यापारी दरात पडते आणि मग ती दुरुस्त करून घेण्यात हंगाम निघून जातो. व्होल्टेज उतरले की कॉम्प्रेसर जळतो आणि एक फेज गेला तरी जळतो, म्हणून स्थिरक आणि फेज-रक्षक रिले हे दोन्ही अत्यावश्यक. शिवाय वीस-पंचवीस केव्हीएचे जनित्र, निदान भाड्याने मिळण्याची सोय तरी. खर्चाचा अंदाज असा मांडता येईल: यंत्राने तासाला सरासरी चार युनिटे घेतली असे समजले तर महिन्याची २,८८० युनिटे होतात, आणि युनिटास सात रुपये धरले तर वीस हजारांहून थोडे अधिक. पाच टन केळी पंधरा दिवस ठेवली तर किलोमागे दोन रुपयांच्या आसपास वीज पडली. भावात तेवढा तरी फरक पडेल काय, हे ज्याने त्याने आपल्या मागील चार वर्षांच्या विक्रीच्या पट्ट्या काढून पाहावे.

एवढे सर्व जमत असेल तर पेटी पाहण्यास निघावे. जहाज कंपन्या रीफर साधारण बारा ते पंधरा वर्षे समुद्रावर वापरतात आणि मग विक्रीस काढतात. दारावर कंपनीची चार अक्षरे, सहा अंक आणि चौकटीतला एक पडताळ्याचा अंक असतो. त्याखालच्या संकेतात ‘२२ आर १’ असेल तर ती वीस फुटी, ‘४५ आर १’ असेल तर चाळीस फुटी उंच रीफर. दाराच्या बाजूसच सुरक्षिततेची धातूची पाटी ठोकलेली असते, तिच्यावर निर्मितीचे वर्ष व महिना कोरलेला असतो. दलाल सांगतो ते वर्ष आणि पाटीवरचे वर्ष यांची रुजुवात स्वतः करावी. मग आत जावे, बरोबरच्या माणसास बाहेरून दार लावण्यास सांगावे आणि अंधारात दोन मिनिटे उभे राहावे. कोठूनही उजेडाची तिरीप दिसली तर तेथून थंडीही जाणार. भिंतींवर बोटांच्या पेरांनी टकटक करीत फिरावे. जेथे आवाज पोकळ येतो तेथे पत्रा आतील फेसापासून सुटला आहे किंवा फेसात पाणी मुरले आहे, आणि पाणी मुरलेला फेस थंडी राखत नाही, नुसते वजन वाढवितो. दाराच्या रबरात कागदाचा कपटा धरून दार लावावे आणि कपटा ओढावा. सहज निघाला तर रबर गेले. चारही कोपऱ्यांतील निचऱ्याची छिद्रे, जमिनीच्या नळ्यांतील जुना मळ, यंत्राच्या जाळीवर खाऱ्या हवेने धरलेला पांढरा गंज, हे सर्व पाहावे.

यंत्राची परीक्षा मात्र डोळ्यांनी होत नाही. कॅरिअर, थर्मो किंग, डायकिन, स्टार कूल, कोणत्याही कंपनीचे असो, यंत्रात सफरीपूर्व तपासणीचा कार्यक्रम बसविलेला असतो. तो पुरा चालवून त्याचा निकाल मागावा आणि शून्याखाली वीस अंशांपर्यंत उतरवून दाखविण्यास सांगावे. आपल्याला चौदाच हवे असले तरीही सांगावे, कारण चौदा अंशांवर आजारी यंत्रही चालते. कोणता वायू भरला आहे हे पाटीवर असते. आर १३४ए असेल तर नांदेडच्या मिस्त्रीकडेही मिळेल, आर ४०४ए असेल तर तो जगभर मागे घेतला जात आहे आणि पुढे महागच पडणार, हे ध्यानात धरून भाव करावा.

कागदपत्रांत एक पेच आहे, त्याची वाच्यता विक्रेता आपण होऊन करीत नाही. परदेशी कंपन्यांच्या पेट्या परत जाण्याच्या हमीवर, सीमाशुल्क न भरता आपल्या देशात येतात. त्यांतली एखादी येथेच विकायची झाली तर आयातीचा दस्त दाखल करून शुल्क भरावे लागते. तो दस्त आणि शुल्काची पावती पेटीच्या क्रमांकानिशी हाती आल्याखेरीज इसाराहून अधिक रक्कम देऊ नये. जीएसटीचे बिल मिळाले म्हणजे सर्व मिळाले, अशी समजूत कित्येकांची असते. ती चुकीची आहे.

वाहतूक पूर्वीइतकी बिकट राहिलेली नाही. समृद्धी महामार्ग ५ जून २०२५ रोजी मुंबईच्या बाजूस शेवटपर्यंत खुला झाल्यापासून ट्रेलर वाशीम जिल्ह्यात उतरून अकोला-वाशीम-हिंगोली-नांदेड या राष्ट्रीय महामार्गाने येऊ शकतो. अडचण शेवटच्या अर्ध्या कोसाची. चाळीस फुटी ट्रेलर पाणंद रस्त्यावर वळत नाही, वरच्या तारा आड येतात, आणि पावसाळ्यात तर तो रुततो. वीस फुटी पेटी एका हायड्रा क्रेनने उतरते, चाळीस फुटीस मोठी क्रेन किंवा दोन हायड्रा लागतात. पहिल्यांदाच घेणाऱ्याने वीस फुटीच घ्यावी.

आणि उतरवायची कशावर? आमच्या जिल्ह्याची काळी जमीन पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात हात जाईल एवढी भेगाळते. पेटीचा सारा भार चार कोपऱ्यांच्या पोलादी ठोकळ्यांवर असतो; काळ्या मातीवर नुसते दगड रचून ती ठेवली तर पहिल्याच वर्षी एक कोपरा खचतो, चौकट किंचित पिळवटते, आणि ज्या दाराच्या रबरासाठी आपण कागदाचा कपटा ओढून पाहिला होता ते दार पहारीने उघडावे लागते. काळी माती काढून मुरूम भरावा, तो चांगला दाबावा, चार कोपऱ्यांखाली सळईचे काँक्रीट ओतावे आणि निचरा दाराकडे होईल एवढा अल्पसा उतार द्यावा. व्यापारी स्वरूपाचा वापर होणार असेल तर सातबाऱ्यावरील त्या जागेस बिनशेती परवानगीची गरज आहे किंवा कसे, हे तहसील कचेरीत लेखी विचारून घ्यावे; तोंडी उत्तरावर विसंबू नये.

एका पेटीत एकच थंडी असते, ही गोष्ट वरवर क्षुल्लक वाटते, पण संयुक्त खरेदी करणाऱ्यांचे तंटे तिच्यावरूनच होतात. केळीस १३ ते १४ अंश लागतात. त्याखाली उतरली की साल काळवंडते आणि ते केळ पुढे नीट पिकत नाही. संत्र्यास सहा-सात अंश हवेत, मिरचीस सात ते दहा, कोथिंबिरीस शून्याच्या जवळपास. पिकते फळ आणि हिरवी भाजी शेजारी ठेवली तर फळातून सुटणाऱ्या इथिलीनने भाजी पिवळी पडते. चौघांनी चार जिन्नस आणून एका पेटीत घालायचे म्हणजे एकाचाच माल टिकणार, आणि तो पेटीची किल्ली ज्याच्याकडे आहे त्याचा. ज्यास दोन-चार क्विंटल भाजी रात्रभर ताजी ठेवायची आहे त्याने दुहेरी विटांच्या भिंतींत ओली वाळू भरून केलेली, दिल्लीच्या पुसा संस्थेने प्रचारात आणलेली बिनविजेची शीतकोठी बांधावी. ती गवंडी दोन दिवसांत बांधतो. पाच टनांची सौरशक्तीवर चालणारी तयार कोठी पुण्याची इकोझेन ही कंपनी ‘इकोफ्रॉस्ट’ या नावाने करते. जेथे अखंड विजेची आशा नाही तेथे रीफरपेक्षा तिचा विचार आधी व्हावा.

हळदीसाठी रीफर घ्यावा काय, असा प्रश्न हिंगोलीत कोणी ना कोणी विचारणारच. माझे उत्तर नकाराचे आहे. दहा टक्क्यांच्या आत ओल असलेल्या वाळल्या हळदीस कोरडेपणा हवा, आणि थंड पेटीतून आषाढातल्या हवेत काढलेल्या पोत्यास घाम सुटतो. सांगलीकडे व्यापारी मोठ्या शीतगृहांत रंग राखण्यासाठी हळद ठेवतात हे खरे. पण त्याच सांगलीजवळच्या हरिपुरात पिढ्यान्‌पिढ्या ती जमिनीखालच्या पेवांतही टिकली, २००५ च्या महापुराने त्यांची दुर्दशा करीपर्यंत. वसमतच्या शेतकऱ्यास वखार महामंडळाचे कोरडे गोदाम आणि पणन मंडळाची शेतमाल तारण योजना, जिच्यात मालाच्या किमतीच्या ७५ टक्क्यांपर्यंत रक्कम सहा टक्के व्याजाने १८० दिवसांसाठी मिळते, एवढे पुरेसे आहे. हळदीचा भाव पडला असता तिला थंडीची नव्हे, मालकाच्या हातात रोकड असण्याची गरज असते.

यंत्र बिघडले म्हणजे काय, हा विचार लोक शेवटी करतात. तो आधी करावयास हवा. रीफरचे नियंत्रक जाणणारे कारागीर बंदराच्या आसपास, उरण-पनवेल-कळंबोलीकडे. हिंगोलीहून फोन केल्यावर तो मनुष्य निघून, गाडी बदलून, सुटा भाग बरोबर घेऊन पोचेपर्यंत पाच टन केळींचे जे व्हायचे ते होऊन जाते. या कारणास्तव मला स्वतःला एक निराळाच मार्ग अधिक शहाणपणाचा वाटतो: ज्याचे यंत्र मेले आहे अशी, पण भिंती, दार व जमीन शाबूत असलेली पेटी कमी किमतीत घ्यावी, जुने यंत्र काढून टाकावे आणि तेथे शीतखोल्यांना बसवितात तसे साधे यंत्र बसवावे, जे परभणी-नांदेडचा मिस्त्री डोळे झाकून दुरुस्त करतो. हवा मग छताकडून येईल. जमिनीच्या नळ्यांचा उपयोग उरणार नाही, आणि माल रचण्याची पद्धत बदलावी लागेल. त्यात काही गैर नाही.

पैशांच्या बाजूने पाहता एकट्या-दुकट्याने यात न पडता शेतकरी उत्पादक कंपनीने पडावे. २०२० पासून चालू असलेल्या कृषी पायाभूत सुविधा निधीतून दोन कोटींपर्यंतच्या कर्जावर सात वर्षे तीन टक्के व्याजसवलत मिळते. पण जुनी पेटी आणि जुने यंत्र त्यात बसतात किंवा नाही हे बँकेकडून आणि अनुदानापुरते जिल्हा अधीक्षक कृषी अधिकाऱ्यांच्या कार्यालयाकडून आधीच लेखी घ्यावे, कारण अनुदान गृहीत धरून इसार दिलेल्या माणसाइतका अडचणीत आलेला माणूस दुसरा नसतो.

आणि ती पेटी बागेतच ठेवली पाहिजे असाही काही कायदा नाही. हिंगोली, वसमत, कळमनुरी या गावांत रोज जी केळी खाल्ली जातात ती कोणीतरी कोठेतरी पिकवितोच, आणि त्या पिकविण्यात अजूनही बंदी असलेल्या कॅल्शियम कार्बाइडची पुडी सापडल्याच्या वार्ता राज्यभर अधूनमधून वाचनात येतात. गावाच्या कडेला, अखंड विजेवर, एक वीस फुटी पेटी पिकवणगृह म्हणून चालविली तर वर सांगितलेल्या निम्म्या अडचणी उरतच नाहीत: माल रोजचा, मुदत चार-पाच दिवसांची, उष्णता १६ ते १८ अंश, हवेत ओल भरपूर, आणि अन्नसुरक्षा प्राधिकरणाने मान्य केलेला इथिलीन वायू दहा लाख भागांत १०० भागांपर्यंत. पिकणारी केळी कर्बवायू सोडतात, म्हणून पहिल्या दिवसानंतर दिवसातून दोन वेळा दार उघडून पेटीतील हवा बदलावी आणि हवा बदलल्यावाचून आत शिरू नये. पेवाचे झाकण काढल्यावर जुने हमाल लगेच आत उतरत नसत, त्याचे कारण हेच. आणखी एक गोष्ट कोणताही विक्रेता सांगत नाही. ही पेटी मालासाठी घडविलेली असल्यामुळे तिच्या दारास आतून उघडण्याची सोय नसते. बाहेरचे दांडे कोणी सहज ओढले तर आतला मनुष्य आतच राहतो, आणि फेसाच्या जाड भिंतींतून त्याची हाक ऐकू येत नाही. आतून ढकलून उघडणारा अडसर वेल्डर अर्ध्या दिवसात बसवून देतो. हायड्रा पेटी उतरवून परत जाण्यापूर्वीच त्या वेल्डरला बोलावून ठेवावे.